अंतर एक, तास अनेक



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे, त्यांनी हयातभर भूगोल शिकवला. म्हणून संयोजकांनी विषय विचारला, तेव्हा मी म्हटलं, राजकारणावर आणि साहित्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी दोन विमानतळांमधल्या अंतरावर बोलतो. फोनवर पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग अगदी आदबीनं विचारणा झाली, "सर, तासभर पुरेल ना विषय?"

शंका रास्त आहे. दिल्लीचा विमानतळ आणि सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ यांमधलं सर्वांत जवळचं अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर. झालं, संपलं व्याख्यान! चहा मांडायला हरकत नाही.

पण थांबा. आता दुसरा प्रश्न विचारा. एवढं अंतर जायला वेळ किती लागतो? आणि इथे उत्तर एक राहत नाही. कोणी सांगेल साडेचौदा तास. कोणी सांगेल सतरा तास. जून २०२३ मधल्या एका विमानाचे प्रवासी सांगतील, दोन दिवसांहून जास्त. तिघंही खरं बोलतात. गावं तीच, पृथ्वी तीच, विमानाची जातही तीच. मग तासांचा हिशेब का बदलतो? तो कोण बदलतं? आजचं माझं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे.

सॅन फ्रान्सिस्कोच का निवडलं, हेही सांगून टाकतो. इथे बसलेल्यांपैकी अनेकांची मुलं, भाचरं, पुतणे त्या खाडीच्या काठी नोकरी करतात. त्या गावाशी आपली ओळख संगणकानं करून दिली, असा आपला समज. पण १ नोव्हेंबर १९१३ रोजी 'गदर' साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला तो सॅन फ्रान्सिस्कोतून. त्या चळवळीत वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते. पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचा विष्णू गणेश पिंगळे होता. पिंगळे १९१४ च्या अखेरीला अमेरिकेहून बोटीनं कलकत्त्याला उतरला, आणि वर्षभरातच, १६ नोव्हेंबर १९१५ ला, लाहोरच्या तुरुंगात फासावर गेला. म्हणजे हा रस्ता आपल्याला नवा नाही. नवं आहे ते त्यावरचं घड्याळ.

हे घड्याळ चार जण चालवतात, असं माझं म्हणणं आहे. पृथ्वीचा आकार, वरचा वारा, माणसाचं यंत्र, आणि चौथी परवानगी. एकेक घेऊ.

पहिला मुद्दा पृथ्वीच्या आकाराचा.

शाळेच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. भारत मध्याच्या थोडा उजवीकडे, अमेरिका डाव्या टोकाला. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला बोटानं रेघ ओढायला सांगितली, तर आपलं बोट पश्चिमेला जातं. इराण, भूमध्य समुद्र, अटलांटिक, मग अख्खी अमेरिका ओलांडून पार पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत. आता पृथ्वीगोल हातात घ्या आणि या दोन गावांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा कुठून जातो? तो निघतो उत्तरेला! अगदी सरळ उत्तरेपासून जेमतेम सोळा-सतरा अंश पूर्वेकडे कललेला. हिमालय, लडाखपलीकडचं पठार, शिनजियांग, अल्ताई पर्वत, सायबेरिया. मग आर्क्टिक महासागर, तोही थेट ७५ अंश उत्तर अक्षांशाच्या पुढे. तिथून दोरा खाली वळतो. अलास्काचं उत्तर टोक, कॅनडाचा पश्चिम किनारा, आणि मग सॅन फ्रान्सिस्को. ज्या गावाला आपण पश्चिमेकडचं समजतो, त्याची जवळची वाट उत्तर ध्रुवाच्या शेजारून जाते.

यात जादू काही नाही. गोल वस्तू सपाट कागदावर पसरली की कुठेतरी ताणली जाणारच. आपल्या ओळखीचा नकाशा ध्रुवांकडचा भाग फार ताणतो, म्हणून तिकडची जवळची वाट कागदावर लांबलचक कमान दिसते, आणि लांबची वाट सरळ दिसते. आयुष्यातही असं होतं, असं म्हणायचा मोह होतोय. पण तो आवरतो, कारण पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

जवळची वाट ठाऊक आहे, तर विमानं त्या वाटेनं जातात का? जात नाहीत. पहिलीच अडचण हिमालयापलीकडे. तुम्ही म्हणाल, विमान अकरा किलोमीटर उंचीवरून उडतं आणि एव्हरेस्ट नऊ किलोमीटरही नाही. मग अडचण कसली? अडचण उडण्याची नाही, खाली येण्याची आहे. विमानातला हवेचा दाब अचानक गेला, तर डोक्यावरून प्राणवायूचे मुखवटे खाली पडतात, हे हवाईसुंदरी दर खेपेला सांगते आणि आपण दर खेपेला ऐकत नाही. त्या मुखवट्यांमधला प्राणवायू साधारणपणे पंधरा-वीस मिनिटं पुरतो. तेवढ्यात वैमानिकानं विमान दहा हजार फुटांवर, म्हणजे सुमारे तीन किलोमीटरवर आणायचं असतं, कारण तिथे माणूस मुखवट्याशिवाय श्वास घेऊ शकतो. आता तिबेटच्या पठाराची सरासरी उंची किती? सुमारे साडेचार किलोमीटर. म्हणजे ज्या उंचीवर उतरायचं, तिच्याही वर दीड किलोमीटर जमीनच आहे! म्हणून जगातली बहुतेक विमानं त्या पठाराला वळसा घालतात. जवळची वाट असणं वेगळं आणि वापरता येणं वेगळं.

दुसरा मुद्दा वाऱ्याचा. हा माझा आवडता, तेव्हा थोडा सैल सोडा मला.

एअर इंडियानं डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को ही विनाथांबा सेवा सुरू केली. आधी विमान युरोप-अटलांटिकवरून जायचं. ही वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची. ऑक्टोबर २०१६ मध्ये वाट बदलली. विमान उलट्या दिशेनं, पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून जाऊ लागलं. ही वाट १५,३०० किलोमीटरची. चौदाशे किलोमीटर जास्त! त्या वेळी ती जगातली सर्वांत लांब पल्ल्याची विनाथांबा विमानसेवा ठरली. आणि वेळ? साडेचौदा तास. म्हणजे आधीपेक्षा सुमारे दोन तास कमी.

चौदाशे किलोमीटर जास्त, आणि दोन तास कमी. लहानपणी काळ-काम-वेगाची गणितं ज्यांनी घोकली, त्यांनी जरा मांडून बघावं. १५,३०० भागिले साडेचौदा. उत्तर येतं ताशी एक हजार पन्नासच्या वर. पण त्या बोइंग ७७७ विमानाचा हवेतला वेग असतो ताशी नऊशेच्या आसपास. मग वरचे दीडशे कोणी दिले?

इथे बरेच जण सांगतात, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना, म्हणून पूर्वेला जाणारं विमान लवकर पोचतं. हे उत्तर मी इंजिनिअर लोकांच्या तोंडूनही ऐकलंय. तसं असतं, तर विमानाची गरजच नव्हती! मुंबईत हेलिकॉप्टर वर नेऊन जागच्या जागी उभं करायचं. तासाभरात खाली ओमानचा किनारा आला असता. तसं होत नाही, कारण पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि हवेबरोबर आपणही फिरतो.

ते दीडशे किलोमीटर देतो वारा. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, मध्य अक्षांशांमध्ये, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक अरुंद, वेगवान पट्टा वाहतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात जपानवर त्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. आता वाटा बघा. दिल्लीहून जाताना विमान पॅसिफिकवरून पूर्वेला, आणि परत येताना अटलांटिकवरून पुन्हा पूर्वेलाच! जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणा, आणि दोन्ही वेळा वारा पाठीशी. मुलाकडे सुट्टीला गेलेली सांगलीची आजी जगप्रदक्षिणा करून आली आणि घरात कोणाला पत्ताच नाही, असं तेव्हा घडू शकत होतं.

या वाऱ्याच्या शोधाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. जपानमध्ये वासाबुरो ओइशी नावाचे हवामानशास्त्रज्ञ होते. तातेनोच्या वेधशाळेतून ते फुगे सोडत आणि दुर्बिणीतून त्यांचा माग काढत. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्यांना दिसलं की उंचावर पश्चिमेकडून भन्नाट वारा वाहतो. १९२६ मध्ये त्यांनी ते छापून प्रसिद्ध केलं. आणि कोणत्या भाषेत? एस्पेरांतोत! जगाला कळावं, म्हणून जगाची म्हणून बनवलेली भाषा निवडली. जगानं अर्थातच वाचलं नाही. १९४४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेची बी-२९ विमानं टोकियोवर बाँब टाकायला गेली, तेव्हा वरच्या वाऱ्यानं त्यांचे नेम चुकवले, आणि ओइशींनी लिहून ठेवलेलं वैमानिकांनी अंगावर अनुभवलं. जपानला हा वारा ठाऊक होता. त्यानं बाँब बांधलेले सुमारे नऊ हजार कागदी फुगे याच वाऱ्यावर सोडले. पॅसिफिक ओलांडून काही अमेरिकेत पोचले. मे १९४५ मध्ये ऑरेगन राज्यात एका फुग्याच्या स्फोटात सहा माणसं दगावली, त्यात पाच मुलं होती. ज्या वाऱ्यावर आज आपली आजी दोन तास आधी पोचते, त्याच वाऱ्यावर हेही गेलं होतं. वारा काही निवड करत नाही. निवड माणूस करतो.

तिसरा मुद्दा यंत्राचा.

२२ नोव्हेंबर १९३५. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतून पॅन अमेरिकन कंपनीचं 'चायना क्लिपर' नावाचं विमान निघालं. पाण्यावरून उडणारं, पाण्यावर उतरणारं. पोटात प्रवासी नव्हते, फक्त टपाल. खाडीवरच्या पुलाचं बांधकाम तेव्हा सुरू होतं. टपालाच्या आणि इंधनाच्या वजनानं विमान इतकं जड झालं होतं, की ते पुलावरून जाईना. वैमानिक एडविन म्युझिक यांनी ऐन वेळी ते अर्धवट पुलाच्या खालून काढलं. होनोलुलू, मिडवे, वेक, ग्वाम असे थांबे घेत, २९ नोव्हेंबरला विमान मनिलाला पोचलं. प्रत्यक्ष उड्डाणाचे तास साठाच्या आत. जग थक्क झालं.

पुलाखालून निघालेल्या विमानापासून विनाथांबा पॅसिफिकपर्यंत काय बदललं? मुख्य म्हणजे दोन गोष्टी. इंजिनाची ताकद आणि इंजिनावरचा भरवसा.

ताकदीचं आधी सांगतो. लांब पल्ल्याच्या बोइंग ७७७-२००एलआर विमानाचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन ३४७ टन. त्यात इंधन किती मावतं? १४५ टन. चाळीस टक्क्यांहून जास्त! लांबच्या गावाला निघालेल्या बैलगाडीत अर्धा कडबाच भरावा आणि बैलांची निम्मी ताकद तो ओढण्यातच जावी, तसा हा प्रकार. शेवटच्या तासात जळणारं इंधन पहिले तेरा तास वाहून न्यावं लागतं, आणि ते वाहण्यासाठी आणखी इंधन जाळावं लागतं. म्हणून पल्ला दुप्पट झाला की खर्च दुपटीवर थांबत नाही. तिकीट महाग का, याचं निदान अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं कंपन्यांना विचारा.

आता भरवसा. १९५३ मध्ये अमेरिकेनं नियम केला, की दोन इंजिनांच्या विमानानं कोणत्याही क्षणी जवळच्या विमानतळापासून एका इंजिनावर साठ मिनिटांपेक्षा लांब जायचं नाही. म्हणजे महासागर जवळजवळ बंद. तीन-चार इंजिनांची मोठी विमानं समुद्रावर का दिसायची, याचं हे एक मोठं कारण. पुढे जेट इंजिनं इतकी भरवशाची झाली, की १९८५ मध्ये मुभा मिळाली १२० मिनिटांची, मग १८० ची, आणि २०११ मध्ये बोइंग ७७७ ला ३३० मिनिटांपर्यंतची. साडेपाच तास एका इंजिनावर! कागदावरच्या या एकेका आकड्यानं समुद्रावरच्या वाटा सरळ केल्या, तास कमी केले.

ध्रुवाकडची वाटही अशीच टप्प्याटप्प्यानं उघडली. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्को–बंगळुरू हे पहिलं विनाथांबा उड्डाण उत्तर ध्रुवावरून केलं. जवळजवळ चौदा हजार किलोमीटर, सतरा तास. त्या वाटेवरची चिंता वेगळी. विमानाचं इंधन उणे ४७ अंशांच्या आसपास गोठू लागतं, आणि ध्रुवावरची हवा त्याहून थंड असू शकते. म्हणून वैमानिक टाकीतल्या इंधनाच्या तापमानावर डोळा ठेवून असतात. गरज पडली, तर खाली, जरा उबदार हवेत यायचं किंवा वेग वाढवायचा. सतरा तास शांतपणे झोपलेल्या प्रवाशाला हे ठाऊक नसतं, आणि नसावंच.

पण यंत्र ते यंत्र. ६ जून २०२३. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानाच्या एका इंजिनात बिघाडाची खूण दिसली. विमानात २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी. नियमाप्रमाणे विमान वळवलं आणि सुखरूप उतरवलं. कुठे? मगादानला. रशियाच्या अतिपूर्वेला, ओखोट्स्क समुद्राच्या काठी. नाव ऐकलंय कोणी? स्टालिनच्या काळात कोलिमाच्या छळछावण्यांकडे जाणाऱ्या कैद्यांचं दार म्हणजे हे गाव. तिथे दोन-अडीचशे माणसांची एकदम सोय होईल इतकी हॉटेलं कुठली? बऱ्याच जणांना वसतिगृहात, शाळेच्या इमारतीत जमिनीवर गाद्या टाकून झोपावं लागलं. भाषा येत नाही, सामान विमानात, औषधं सामानात. दुसरं विमान मुंबईहून गेलं आणि माणसं दोन दिवसांहून जास्त काळानं सॅन फ्रान्सिस्कोला पोचली.

आता बघा, यंत्रानं आपलं काम चोख केलं. एक इंजिन रुसलं तरी माणसं वाचली. पण त्या दोन दिवसांत वॉशिंग्टनमधलं सरकार अस्वस्थ होतं, कारण विमानात अमेरिकी नागरिक होते आणि जमीन रशियाची होती. युक्रेन युद्धामुळे दोन्ही देशांत विस्तव जात नव्हता. अमेरिकी कंपन्यांना रशियाचं आकाश बंद, भारतीय कंपन्यांना खुलं. एका बिघडलेल्या इंजिनानं सगळ्या जगाचं राजकारण मगादानच्या धावपट्टीवर आणून उभं केलं.

आणि म्हणून चौथा मुद्दा. परवानगी.

आकाश कोणाचं? लहान मुलाला विचारा, तो म्हणेल सगळ्यांचं. १९४४ च्या अखेरीला शिकागोला जगातल्या देशांचे प्रतिनिधी जमले. विमानवाहतुकीचा करार झाला. त्याच्या पहिल्याच कलमात ठरलं, की आपल्या भूमीवरच्या आकाशावर प्रत्येक देशाची पूर्ण आणि अनन्य सत्ता राहील. म्हणजे शेजाऱ्याच्या शेतातून जायला घ्यावी, तशी परवानगी घेतल्याशिवाय कोणाच्याही डोक्यावरून जायचं नाही. गेलात, तर शुल्क द्यायचं, विमानाच्या वजनाप्रमाणे आणि अंतराप्रमाणे. फक्त खुल्या समुद्रावर कोणाची मालकी नाही. आता कळलं, पॅसिफिकची वाट लांब असूनही का परवडते? तिथे वारा पाठीशी असतो, आणि बराच वेळ कोणाचं दार वाजवावं लागत नाही.

दार न वाजवता गेलं तर काय होतं, हे १ सप्टेंबर १९८३ ला दिसलं. कोरियन एअर लाइन्सचं ००७ हे विमान अलास्काहून सोलला जाताना वाट चुकलं, सोव्हिएत हद्दीत शिरलं, आणि सोव्हिएत लढाऊ विमानानं ते पाडलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर पंधरवड्यातच अमेरिकेनं जाहीर केलं, की आपल्या लष्करासाठी तयार होत असलेली जीपीएस यंत्रणा नागरी वापरालाही खुली करू. आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये निळा ठिपका दिसतो ना, त्याच्यामागे ही २६९ माणसं आहेत.

परवानगीचा खेळ स्वच्छ बघायचा असेल, तर दिल्ली सोडून थोडं फिनलंडला जाऊ. हेलसिंकी आणि टोकियो. अंतर सुमारे आठ हजार किलोमीटर. १९८३ मध्ये फिनएअरनं या दोन गावांत विनाथांबा सेवा सुरू केली. सोव्हिएत आकाश बंद, म्हणून विमान उत्तर ध्रुवावरून वळसा घालून जायचं. वेळ सुमारे तेरा तास. पुढे सोव्हिएत संघ गेला, आकाश उघडलं, वेळ आली साडेनऊ तासांवर. त्याच भरवशावर त्या छोट्या देशाच्या कंपनीनं आशियाकडच्या प्रवासाचा मोठा धंदा उभा केला. फेब्रुवारी २०२२. युद्ध सुरू झालं. रशियाचं आकाश बंद. वेळ किती? पुन्हा तेरा तास! कंपनी प्रवाशांना उत्तर ध्रुवावरून गेल्याचं प्रमाणपत्र देऊ लागली. इंजिनं नवी, संगणक नवे, हवामानाचे अंदाज नवे; आणि घड्याळ मात्र चाळीस वर्षं मागे. माझ्या चारही मुद्द्यांमधला हा सगळ्यांत बोलका आकडा. परवानगीनं दिलेले तास परवानगीनंच एका आठवड्यात परत घेतले, आणि नव्या यंत्रांना ते वाचवता आले नाहीत.

आपल्या घरी काय घडलं? फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटवरच्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्ताननं आपलं आकाश बंद केलं, ते उघडलं जुलैत. दिल्ली–इस्तंबूल इंडिगोच्या विनाथांबा विमानाला इंधनासाठी दोहाला थांबावं लागू लागलं. एकट्या एअर इंडियाचं २ जुलैपर्यंतचं नुकसान ४९१ कोटी रुपये, असं सरकारनं संसदेत सांगितलं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर तीच दारं पुन्हा मिटली, दोन्ही बाजूंनी. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी उतरावं लागलं. दिल्ली–वॉशिंग्टन ही थेट सेवा एअर इंडियानं १ सप्टेंबर २०२५ पासून थांबवली. कारणांमध्ये विमानांची कमतरता होती आणि बंद आकाशही होतं.

माझ्या मुद्द्याचा कोणी गैरसमज करून घेऊ नये. आकाश बंद करायची कारणं असतात, कधी ती रास्तही असतात. सैनिकांच्या जिवापुढे प्रवाशांचे दोन तास काहीच नाहीत. मी एवढंच म्हणतो, की ते दोन तास तिकिटावर छापलेले असतात आणि त्यांचं बिल आपण भरत असतो. ते कशापायी भरतो, हे आपल्याला कळलं पाहिजे.

आता थोडं त्या बिल भरणाऱ्या माणसाबद्दल, कारण विमानतळ ते विमानतळ हा हिशेब कंपनीचा. प्रवाशाचा हिशेब दारापासून दारापर्यंत.

सांगलीहून सुनेच्या बाळंतपणाला निघालेली बाई डोळ्यांपुढे आणा. रात्रीच्या गाडीनं मुंबई. चार तास आधी विमानतळ. बॅगेत डिंकाचे लाडू, मेतकूट, बाळाची झबली. वजनकाट्यावर बॅग एक किलो जास्त भरते. लाडू काढायचे की मेतकूट, यावर तिथेच, रांग खोळंबून ठेवून, कौटुंबिक परिषद. पाय धडधाकट असूनही कित्येक जणी चाकाच्या खुर्चीची सोय मागून घेतात. आपण हसतो. पण परक्या विमानतळावर, इंग्रजी पाट्यांच्या जंगलात, दुसऱ्या विमानाच्या दारापर्यंत कोणीतरी हाताला धरून नेईल, एवढाच त्या खुर्चीचा अर्थ असतो. पाय थकल्याचा तो दाखला नव्हे, आपल्या सोयींवरचा तो शेरा आहे.

आणि पोचल्यावर? सॅन फ्रान्सिस्को आपल्या मागे, उन्हाळ्यात साडेबारा तास आणि हिवाळ्यात साडेतेरा. दिल्लीहून पहाटे निघालेलं विमान तिथे त्याच तारखेच्या सकाळी उतरू शकतं. घड्याळ म्हणतं दोन-तीन तास झाले. गुडघे म्हणतात पंधरा. शरीराच्या आत स्वतःचं घड्याळ असतं; त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. ते घड्याळ दिवसाला साधारण तासाभरानंच सरकतं. बारा तासांचा फरक म्हणजे पुढचे दीड-दोन आठवडे बाई मध्यरात्री टक्क जागी आणि भर दुपारी पेंगलेली. योगायोग असा, की नवजात बाळाचं वेळापत्रकही तेच असतं. तेवढी सूनबाईची सोय होते!

असो. आवरतं घेतो. चार मुद्दे एकत्र बांधतो.

पृथ्वीचा आकार बदलत नाही. तो समजून घ्यायला माणसाला दोन हजार वर्षं लागली, पण समजला. वारा आपल्या हातात नाही. तो कधी कुठे असेल हे कळायला लागलं आणि आपण त्याच्या पाठीवर बसलो. यंत्र आपल्या हातात आहे, आणि त्यात माणसानं खरोखर कमाल केली. पुलाखालून निघालेल्या विमानापासून शंभर वर्षांच्या आत ध्रुव ओलांडला. तिघांनी मिळून अंतर कमी-कमी करत आणलं. चौथी गोष्ट, परवानगी, ही पूर्णपणे माणसाची निर्मिती. तिला गुरुत्वाकर्षणाचा नियम नाही, तापमानाची मर्यादा नाही. आणि नेमकी तीच सर्वांत बेभरवशाची निघाली. जगाची गावं दूर की जवळ, हा प्रश्न आता विज्ञानाकडून शेजारधर्माकडे गेला आहे.

म्हणून तरुण मित्रांना, आणि विशेषतः इथे आलेल्या शिक्षकांना, माझी विनंती साधी आहे. परदेशनीती म्हणजे दिल्लीतल्या बड्या लोकांच्या गप्पा, असं मुलांना वाटू देऊ नका. शाळेच्या कपाटात कुलपात ठेवलेला पृथ्वीगोल बाहेर काढा. मुलांच्या हातात दोरा द्या. दोन गावं त्यांनाच निवडू द्या. दोरा कोणकोणत्या देशांवरून जातो ते लिहायला सांगा, आणि मग एकच प्रश्न विचारा: यांपैकी कोणकोणत्या देशांशी आज आपलं बरं चाललंय? उत्तर शोधायला त्यांना भूगोलाचं पुस्तक पुरणार नाही. इतिहास उघडावा लागेल, विज्ञान उघडावं लागेल, रोजचं वर्तमानपत्र उघडावं लागेल. एका दोऱ्यावर एवढा अभ्यास होत असेल, तर तो येत्या जूनपासून प्रत्येक शाळेत व्हायला हवा.